रिपोर्टमधला आकडा आणि भिंत धरणाऱ्या पेशी

काचपट्टी (धागाकर्ता)

गेली बावीस वर्षे मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. रिपोर्ट हातात पडताच माणसे सर्वप्रथम पांढऱ्या पेशींचा आकडा पाहतात आणि तो वाढलेला असेल तर 'इन्फेक्शन आहे', नसेल तर 'काही नाही' असा निकाल स्वतःच लावून मोकळी होतात. काउंटरवर त्यांना जे सांगायचे राहून जाते, ते सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढतो आहे. यंत्र मोजते ते फक्त वाहत्या रक्तातल्या पेशी. न्यूट्रोफिल या सर्वाधिक संख्येच्या पांढऱ्या पेशींपैकी जवळपास निम्म्या कोणत्याही क्षणी बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेला रेंगाळत असतात. त्या सुईत येत नाहीत, त्यामुळे आकड्यातही येत नाहीत. शिवाय जिवाणूंशी होणारी झटापट बहुधा रक्तवाहिनीच्या भिंतीपलीकडे, कातडीत, हिरड्यांत, फुप्फुसांत होते. पेशी भिंत धरून बाहेर पडू शकतात का, हे कोणत्याही सीबीसीत (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत) छापलेले नसते.

याची जाणीव मला एका दीड महिन्याच्या मुलीच्या नमुन्याने करून दिली. पांढऱ्या पेशी ७४,००० आल्या. यंत्र बिघडले असावे म्हणून नमुना पुन्हा चालवला, तरी आकडा तोच. मनात पहिली शंका रक्ताच्या कर्करोगाची आली, परंतु काचपट्टीवर एकही कोवळी पेशी नव्हती. दिसत होते ते सगळे पिकलेले, तीन-चार पाकळ्यांच्या केंद्रकाचे, अगदी निरोगी दिसणारे न्यूट्रोफिल. फॉर्मवर 'बेंबीचा संसर्ग' एवढेच लिहिले होते. बाहेर बसलेल्या आईशी बोलल्यावर कळले की, नाळ गळायला पाच आठवडे लागले होते, बेंबीभोवतीची कातडी लालजांभळी होऊन पसरत चालली होती, आणि पुसताना कापसाला पाण्यासारखा ओलावा लागत होता, पण पू कधीच आला नव्हता. याआधी एका ठिकाणी 'पू नाही, म्हणजे किरकोळ आहे' असे सांगून त्यांना घरी पाठवले होते.

पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेले न्यूट्रोफिल. रक्तात ७४,००० पेशी आणि जखमेत पूचा थेंब नाही, याचा अर्थ सैन्य रस्त्यावर खोळंबले आहे आणि त्याला दार सापडत नाही. नाळ वेळेवर गळण्यासाठीही या पेशी तिथे पोहोचाव्या लागतात.

आता हे दार कसे उघडते ते पाहू. ज्युलियस कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये बेडकाच्या पारदर्शक पडद्यातील रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहिल्या आणि सूज येऊ लागली की पांढऱ्या पेशी प्रवाहाच्या मध्यातून कडेला सरकतात, भिंतीला लागतात आणि हळूहळू पलीकडे उतरतात, हे लिहून ठेवले. त्या कशाने चिकटतात हे कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. पारिभाषिक मराठीत या पदार्थांना 'पेशी-आसंजन रेणू' म्हणावे लागेल. शब्द बरोबर आहे, पण त्यात चिकटपणा जाणवत नाही, म्हणून मी त्यांना पकडरेणू म्हणतो.

ऊतीत जंतू शिरला की तिथल्या रखवालदार पेशी रसायने सोडतात आणि जवळच्या बारीक नीलांचे आतले अस्तर जागे होते. या अस्तराच्या पेशींत पी-सिलेक्टिन नावाचा पकडरेणू आधीच तयार करून पोटल्यांत भरून ठेवलेला असतो, तो काही मिनिटांत पृष्ठभागावर येतो. त्याचा भाऊ ई-सिलेक्टिन मात्र नव्याने बनवावा लागतो आणि त्याला काही तास लागतात. वाहत जाणाऱ्या न्यूट्रोफिलच्या अंगावर एक विशिष्ट शर्करा असते, तिचे नाव सियालिल लुईस एक्स. सिलेक्टिन तिला धरतात आणि सोडतात, पुन्हा धरतात, आणि त्यामुळे पेशी भिंतीवरून गडगडत जाऊ लागते. या पकडीची एक गंमत अशी की, प्रवाहाची ओढ एका मर्यादेपर्यंत वाढली, तर ती सुटण्याऐवजी सरगाठीसारखी आवळते.

गडगडताना पेशीचा वेग इतका कमी होतो की, अस्तरावर मांडून ठेवलेले आयएल-८ सारखे संदेश तिला वाचता येतात. ते वाचले की तिच्या अंगावरचे इंटिग्रिन नावाचे पकडरेणू, जे एरवी वाकून मिटलेले असतात, ते क्षणार्धात ताठ उभे राहतात आणि अस्तरावरच्या आयकॅम-१ या रेणूला घट्ट धरतात. गडगडणे थांबते, पेशी पसरून चपटी होते, अस्तरातल्या दोन पेशींमधली सांध शोधते आणि स्वतःचे केंद्रक पिळवटून घेत पलीकडे उतरते. न्यूट्रोफिलच्या या इंटिग्रिनांचा एक सामाईक भाग असतो, त्याचे नाव सीडी-१८. त्या मुलीत तोच नव्हता, परंतु हे पुढे निष्पन्न झाले, त्या दिवशी आम्हाला ठाऊक नव्हते.

शंकेखोर

लेख आवडला. एक जुनी गोष्ट आता उलगडते आहे असे वाटते, ती पडताळून पाहायची आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत वडिलांना डेक्सामेथासोन सुरू केले. त्याआधी पांढऱ्या पेशी ८,००० होत्या, दोन दिवसांत १७,००० झाल्या. ताप उतरलेला, ऑक्सिजन सुधारत असलेला, आणि आम्ही मात्र नवीन संसर्ग झाला म्हणून रात्रभर जागे. डॉक्टर 'स्टेरॉइडमुळे वाढतात' एवढेच म्हणाले. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती कमी करते असे ऐकले होते, मग पेशी वाढतात कशा?

काचपट्टी (धागाकर्ता)

डॉक्टरांचे म्हणणे बरोबर होते. स्टेरॉइडमुळे न्यूट्रोफिलच्या अंगावरचा एल-सिलेक्टिन हा पकडरेणू कमी होतो आणि अस्तरावरच्या पकडरेणूंचे उत्पादनही मंदावते. परिणामी कडेला रेंगाळणाऱ्या पेशी भिंत सोडून मध्यप्रवाहात येतात आणि सुईत सापडू लागतात. अस्थिमज्जेतूनही जास्तीच्या पेशी बाहेर पडतात, आणि ऊतींत उतरणाऱ्या पेशी कमी झाल्याने त्या रक्तातच अधिक काळ फिरत राहतात. आकडा वाढतो आणि जंतूपर्यंत पोहोचणाऱ्या पेशी घटतात. तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या आहेत. जिने धावत चढून आलेल्या माणसाचा किंवा सुई पाहून रडून गोंधळ घातलेल्या बाळाचा आकडाही ॲड्रेनलिनमुळे असाच तात्पुरता फुगतो, म्हणून आम्ही रुग्णाला पाच-दहा मिनिटे बसवतो.

मात्र स्टेरॉइड चालू आहे म्हणून प्रत्येक वाढ निरुपद्रवी मानू नये. काचपट्टीवर कोवळे, पट्टीसारख्या केंद्रकाचे न्यूट्रोफिल वाढलेले दिसले, किंवा पेशींत गडद जाडसर कण दिसले, तर संसर्गाची शंका घ्यावी लागते. म्हणून यंत्राच्या आकड्यावर न थांबता काचपट्टी पाहणारा माणूस लागतो. (हे मी स्वतःच्या पोटापाण्यासाठी म्हणत नाही, असे म्हणणे थोडे खोटे ठरेल.)

पेढीवरचा

मी रक्तपेढीत असतो. या विषयाचा आमच्या मुंबईशी एक धागा जुळतो, तो नोंदवतो. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत एक नवाच रक्तगट शोधला. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए नाही, बी नाही, आणि ओ गटात जो एच नावाचा पाया असतो तोही नाही. हाच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. नेहमीच्या साध्या तपासणीत तो ओ म्हणून निघतो आणि क्रॉसमॅच करताना, म्हणजे दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळवून पाहताना, घोळ उघडकीस येतो, कारण या माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही.

पुढे १९९२ मध्ये इस्राएलमधील दोन मुलांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांना वारंवार जिवाणूसंसर्ग होत होता, पांढऱ्या पेशी भरमसाट होत्या, पू होत नव्हता, वाढ आणि बुद्धीचा विकास मंद होता, आणि दोघांचा रक्तगट बॉम्बे होता. सीडी-१८ मात्र व्यवस्थित होता. एच हा पाया आणि धागाकर्त्यांनी सांगितलेली सियालिल लुईस एक्स, या दोन्हींत फ्युकोज नावाची साखर लागते. या मुलांच्या पेशींत फ्युकोज योग्य त्या कप्प्यात पोहोचवणारा वाहक बिघडलेला असतो, असे नंतरच्या संशोधनातून कळले. त्यामुळे तांबड्या पेशींवर एच बनला नाही आणि पांढऱ्या पेशींना गडगडता येईना. या आजाराला लॅड-२ म्हणतात (लॅड म्हणजे पांढऱ्या पेशींना भिंत धरता न येण्याचा आजार), आणि काचपट्टींच्या मुलीचा बहुधा लॅड-१ असावा.

रानजाई

हे वाचून धास्ती वाटली. माझ्या मावशीचा रक्तगट बॉम्बे आहे. त्या ६३ वर्षांच्या आहेत, अजून शेतावर जातात आणि आम्हा सर्वांपेक्षा कमी आजारी पडतात. त्यांना प्रतिकारशक्तीची काही तपासणी करून घ्यायला सांगावे का?

पेढीवरचा

रानजाई, अजिबात नाही. माझ्या लिहिण्यात ही महत्त्वाची बाब सुटली, क्षमा असावी. मावशींसारख्या नेहमीच्या बॉम्बे गटात एच बांधणारा एकच कारागीर, एफयूटी-१ नावाचे विकर, काम करत नाही. फ्युकोजचा पुरवठा ठीक असतो आणि पांढऱ्या पेशींवरची शर्करा बांधणारे कारागीर वेगळे असतात, त्यांना काही झालेले नसते. लॅड-२ मध्ये कारागीर धडधाकट असतात, पण मालच पोहोचत नाही, म्हणून सगळ्यांचेच काम बंद पडते. तो आजार जगात मोजक्याच मुलांत सापडला आहे, तर बॉम्बे गट आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक असा आढळतो. मावशींच्या बाबतीत एकच काळजी घ्यावी: त्यांचा रक्तगट लिहिलेले कार्ड त्यांच्या पिशवीत कायम असावे, आणि जवळच्या रक्तपेढीत त्यांचे, तसेच त्यांच्या भावंडांपैकी कोणी त्याच गटाचे असल्यास त्यांचे, नाव नोंदवून ठेवावे.

वैनगंगा

मी गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाच्या काचपट्ट्या तपासते. काचपट्टी यांनी आकड्याबद्दल जे म्हटले आहे, ते आमच्याकडे परजीवींच्या बाबतीत शब्दशः लागू पडते, फक्त इथे चिकटण्याची विद्या शत्रूने उचलली आहे.

व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या परजीवीची काचपट्टी पाहिली तर त्याच्या सर्व अवस्था दिसतात: कोवळी अंगठी, पसरलेला मधला टप्पा, आणि फुटण्याच्या बेतातला घोस. फॅल्सिपेरम या दुसऱ्या परजीवीच्या काचपट्टीवर मात्र बारीक अंगठ्या आणि कधी केळ्याच्या आकाराच्या लैंगिक अवस्था, एवढेच दिसते. प्रशिक्षणाच्या वेळी आम्हाला हे ओळखीची खूण म्हणून पाठ करायला लावले होते. मधल्या अवस्था जातात कुठे, हे मी बऱ्याच उशिरा विचारले.

त्या भिंतीला चिकटलेल्या असतात. फॅल्सिपेरमचे एक आवर्तन सुमारे ४८ तासांचे. त्यातला पहिला भाग संपला की परजीवी ज्या तांबड्या पेशीत राहतो तिच्या पृष्ठभागावर बारीक टेंगळे उभारतो आणि त्यांवर पीएफईएमपी-१ नावाचे प्रथिन लावतो. हे प्रथिन रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या सीडी-३६, ईपीसीआर, आणि वर ज्याचा उल्लेख आला त्याच आयकॅम-१ या रेणूंना धरते. न्यूट्रोफिल बाहेर पडण्यासाठी जी खुंटी धरतो, तीच धरून परजीवी लपून बसतो. बसण्याचे कारण प्लीहा. जाडसर, ताठर झालेली तांबडी पेशी प्लीहेतून गेली तर तिथे अडकून नष्ट होते. भिंतीला धरून राहिली तर प्लीहेचे दर्शनच टळते.

मेंदूच्या बारीक वाहिन्यांत अशा पेशी दाटल्या की मेंदूचा हिवताप होतो. त्यात भर म्हणजे तापात शरीर जी टीएनएफसारखी धोक्याची रसायने सोडते, त्यांनी अस्तरावरचा आयकॅम-१ आणखी वाढतो. पांढऱ्या पेशींना बोलावण्यासाठी लावलेल्या खुंट्यांवर परजीवीच आपले बिऱ्हाड टांगतो. शरीराने पीएफईएमपी-१ विरुद्ध प्रतिपिंडे बनवावीत, तर परजीवीकडे त्याच्या सुमारे ६० वेगवेगळ्या आवृत्त्यांची जनुके असतात, एक ओळखीची झाली की तो दुसरी काढतो. त्यांतली एक आवृत्ती खास वारेतल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या पदार्थाला चिकटते. म्हणून हिवताप कायम असलेल्या भागांत, एरवी बऱ्यापैकी प्रतिकारक्षम असलेली बाईसुद्धा पहिल्या गरोदरपणात गंभीर आजारी पडू शकते. तिच्या शरीराने ती आवृत्ती आधी कधी पाहिलेलीच नसते.

म्हणून माझ्या काचपट्टीवर परजीवी थोडे दिसले म्हणजे शरीरात थोडे आहेत, असे समजता येत नाही. मी दोन गोष्टींकडे मुद्दाम लक्ष देते. फॅल्सिपेरमच्या काचपट्टीवर घोस दिसला, किंवा न्यूट्रोफिलांच्या पोटात परजीवीचे काळपट-तपकिरी रंगद्रव्य बऱ्याच ठिकाणी दिसले, तर अंगठ्या कितीही विरळ असोत, मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना लगेच फोन करते. ते रंगद्रव्य म्हणजे लपलेले परजीवी नुकतेच मोठ्या संख्येने फुटल्याची आणि पांढऱ्या पेशींनी त्यांचा राडारोडा गिळल्याची खूण असते.

शंकेखोर

वैनगंगा, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा होता. आयकॅम-१ चा असा गैरवापर आणखी कोणी करते का?

काचपट्टी (धागाकर्ता)

सर्दी करणारे ऱ्हायनोव्हायरस. त्यांच्यातले बहुसंख्य प्रकार नाकाच्या पेशीत शिरण्यासाठी आयकॅम-१ हेच कडे वापरतात, हे १९८९ मध्ये सिद्ध झाले. विषाणूला फसवण्यासाठी नाकात सुटे आयकॅम-१ फवारण्याचा प्रयोगही माणसांवर झाला आणि लक्षणे कमी झाली, पण त्यातून औषध काही बाजारात आले नाही. सर्दीसाठी दिवसातून अनेक वेळा नाकात महागडे प्रथिन फवारायला कोण तयार होणार, हा प्रश्न असावा, असा माझा कयास आहे.

दूरदेशी

मी जर्मनीत राहते आणि मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. माझ्यावर पाच वर्षे नटालिझुमॅब या औषधाने उपचार झाले, म्हणून या चर्चेची दुसरी बाजू मांडते. या आजारात स्वतःच्याच लिम्फोसाइट पेशी मेंदूत शिरून नुकसान करतात. त्या शिरण्यासाठी व्हीएलए-४ नावाचा इंटिग्रिन वापरतात आणि हे औषध त्याच्यावर झाकण बसवते. दर चार आठवड्यांनी सलाइनमधून ते घेत असे, आणि खरोखरच नवीन झटके थांबले.

परंतु ज्या दाराने उपद्रवी पेशी येतात त्याच दाराने राखणदारही येतात. जेसी नावाचा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात निपचित पडून असतो. मेंदूत गस्त बंद झाली की क्वचित तो जागा होतो आणि पीएमएल नावाचा अत्यंत गंभीर आजार होतो. नटालिझुमॅबला अमेरिकेत २००४ मध्ये मंजुरी मिळाली, असे रुग्ण आढळल्याने २००५ मध्ये ते मागे घेतले गेले आणि २००६ मध्ये कडक अटींवर परत आले. सोरायसिससाठी दिले जाणारे इफालिझुमॅब एलएफए-१ या इंटिग्रिनला अडवत असे; तेही याच कारणाने २००९ मध्ये बाजारातून गेले. माझी दर सहा महिन्यांनी जेसी विषाणूच्या प्रतिपिंडांची तपासणी होत असे. तीन वेळा निगेटिव्ह आली, मग एकदा पॉझिटिव्ह आली, आणि पुढे प्रमाण वाढत गेल्यावर डॉक्टरांनी औषध बदलले.

एक प्रश्न आहे. लॅड-१ च्या मुलांना पीएमएलसारखे विषाणूंचे आजार का होत नाहीत?

काचपट्टी (धागाकर्ता)

दूरदेशी, अनुभव लिहिल्याबद्दल आभार. उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. व्हीएलए-४ च्या बांधणीत सीडी-१८ नसतो, सीडी-२९ असतो. त्यामुळे लॅड-१ मध्ये लिम्फोसाइटांना तो मार्ग उपलब्ध राहतो, आणि या मुलांना मुख्य त्रास होतो तो जिवाणू आणि बुरशीचा. फुप्फुसातही परिस्थिती थोडी वेगळी असते. तिथल्या केशवाहिन्या न्यूट्रोफिलपेक्षाही अरुंद असल्याने पेशी घासतच पुढे सरकते, तिला गडगडून वेग कमी करावा लागत नाही. हिरड्यांचे मात्र फार हाल होतात. पूर्वी समजले जाई की न्यूट्रोफिल नाहीत म्हणून जिवाणू माजतात आणि हिरड्या सडतात. आता दिसते की, न्यूट्रोफिल ऊतीत न पोहोचल्याने 'पुरे झाले' हा निरोपच कोणी देत नाही, आयएल-२३ आणि आयएल-१७ या संदेशांची हाकाटी चालूच राहते, आणि त्या हाकाटीनेच जबड्याचे हाड झिजते.

रानजाई

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते तुम्ही लिहिलेच नाही.

काचपट्टी (धागाकर्ता)

खरे आहे. तिचा नमुना फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे पेशींवरचे रेणू रंग लावून मोजणाऱ्या तपासणीसाठी, मुंबईला गेला. (परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे या प्रकारच्या तपासण्या होतात, कोणाला गरज पडल्यास उपयोगी पडावे म्हणून लिहितो.) आलेखावर तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसाच्या सीडी-१८ चा डोंगर उजवीकडे उभा होता आणि मुलीचा डोंगर डावीकडे, रंग न लावलेल्या पेशींच्या रांगेत. आईवडिलांचे प्रमाण साधारण निम्मे आले, दोघेही ठणठणीत. ती दोघे मामेबहीण आणि आतेभाऊ होती. हे सांगताना कोणाला दोष द्यायचा नाही, पण दोघांकडून बिघडलेली एकेक प्रत आली तरच हा आजार होतो, आणि नात्यातल्या लग्नात तशी शक्यता वाढते.

तिचा आजार तीव्र प्रकारचा होता, आणि अशी बहुतेक मुले उपचाराविना पहिल्या दोन वर्षांत दगावतात. सुदैवाने पाच वर्षांच्या थोरल्या भावाची अस्थिमज्जा जुळली. तोवरचे महिने सतत प्रतिजैविके, दोनदा अतिदक्षता विभाग, कानामागे एक व्रण जो कोरडाच राहून पसरत गेला. दहाव्या महिन्यात प्रत्यारोपण झाले. त्यानंतर आठव्या आठवड्यात छातीवरच्या कॅथेटरच्या तोंडाशी संसर्ग झाला, आणि तिच्या बालरोगतज्ज्ञांनी रात्री साडेनऊला मला फोन करून, चाचणीचा निकाल विचारण्याआधीच, सांगितले, "अहो, पू आला! चांगला पिवळा, दाट पू आला!"